कावेरीच्या पाण्यातला किल्ला: बन्नूर ते श्रीरंगपट्टण

म्हैसूरहून मळवळ्ळीकडे जाणारा रस्ता पंचवीसेक किलोमीटरवर कावेरी ओलांडतो आणि बन्नूरमध्ये शिरतो. टी. नरसीपूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आजूबाजूला कालव्याच्या पाण्यावरची भातखाचरे आणि उसाचे मळे आहेत. आखूड पायांची, भरल्या अंगाची बन्नूर मेंढी याच भागातली, आणि मटणाच्या चवीसाठी तिचे नाव साऱ्या दक्षिण कर्नाटकात घेतले जाते. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने ज्यांना गुरुस्थानी मानले त्या व्यासतीर्थांचा जन्मही बन्नूरचाच. बहुतेक प्रवासी मात्र येथे चहापुरते थांबतात आणि आठ-दहा किलोमीटरवरच्या सोमनाथपूरचे होयसळ मंदिर पाहायला निघून जातात.

बन्नूरची आणखी एक ओळख लष्करी इतिहासाच्या नकाशावर सापडते. गावाच्या वरच्या अंगाला कावेरीकाठी अरकेरे आहे, खालच्या अंगाला सोसले. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज अरकेऱ्याला नदीपाशी अडली. १७९९ च्या मार्चअखेरीस जनरल हॅरिसच्या फौजेने सोसल्यापाशी नदी ओलांडली. दोघांनाही गाठायचे होते श्रीरंगपट्टण. पहिला हात हलवत परतला, दुसऱ्याने महिनाभरात राज्य बुडवले. हा फरक का पडला, याचे अर्धेअधिक उत्तर नदीत आहे.

महाराष्ट्रात किल्ला म्हटले की डोंगर आठवतो. तुटलेला कडा, वर जाणारी अवघड वाट, माथ्यावर पाण्याची टाकी. श्रीरंगपट्टणला यातले काहीच नाही. कावेरी येथे दुभंगते आणि काही अंतरावर पुन्हा एक होते. मधे पाचेक किलोमीटर लांबीचे, अरुंद, जवळजवळ सपाट बेट राहते. त्याच्या पश्चिम टोकाला किल्ला आहे. भुईकोट म्हणावा तर दोन बाजूंनी नदी, जलदुर्ग म्हणावा तर समुद्र शेकडो मैल दूर. उत्तर आणि पश्चिम बाजूंना पात्राचा आधार, इतर बाजूंना खोल खंदक आणि एकामागे एक तट, अशी त्याची रचना. उन्हाळ्यात हे पात्र खडकाळ होते आणि पायी ओलांडता येते. कोडगूच्या डोंगरात नैऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला की तेच पात्र फुगते, आणि वेढा घालणारी फौज पुरात आणि चिखलात अडकते. त्यामुळे शत्रूला मिळत ते साधारण माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे दिवस. या किल्ल्याचे जवळजवळ सगळे वेढे याच हिशेबाने जिंकले किंवा हरले गेले.

किल्ल्याच्या आधी येथे देव आला. रंगनाथस्वामींचे मंदिर गंगांच्या काळातले, ८९४ सालचे मानले जाते. पुढे होयसळांनी आणि विजयनगरच्या राजांनी त्यात भर घातली. कावेरीच्या तीन बेटांवरच्या तीन रंगनाथांपैकी हा आद्यरंग. मधला शिवनसमुद्रला आणि शेवटचा तामिळनाडूतल्या श्रीरंगमला. मंदिराभोवती वस्ती वाढली आणि १४५४ मध्ये तिम्मण्ण नायकाने विजयनगरच्या परवानगीने येथे किल्ला बांधला. जवळच्या कळसवाडीतली शंभरावर जैन मंदिरे पाडून त्यांचे दगड तटाला लावले, असे सांगतात. पुढे येथे विजयनगरचा प्रांताधिकारी बसू लागला. १६१० मध्ये राजा वडियार यांनी त्याच्याकडून श्रीरंगपट्टण घेतले, राजधानी म्हैसूरहून येथे हलवली आणि विजयनगरचा नवरात्राचा दरबारी उत्सव येथे सुरू केला. म्हैसूरचा दसरा म्हणून आज जो जगभर ओळखला जातो, त्याची सुरुवात या बेटावर झाली.

मराठी माणसाचा या किल्ल्याशी संबंध पेशवाईच्या आधीपासूनचा आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान कर्नाटकात उतरला, त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते. विजापूरकरांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला, पण कंठीरव नरसराज वडियारांनी तो उधळून लावला. याच कर्नाटक स्वारीत बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि पुढची कित्येक वर्षे दक्षिणेतल्या मराठी कारभाराचे ते केंद्र राहिले. श्रीरंगपट्टण मात्र हाती आले नाही.

पुढच्या शतकात मराठे येथे आले ते खंडणीसाठी. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी किल्ल्याला वेढा घालून तोफा डागल्या. एक गोळा रंगनाथाच्या मंदिराला लागला, त्याच दिवशी मराठ्यांची एक मोठी तोफ फुटून गोलंदाज मेले आणि छावणीत तो दैवी कोप समजला गेला, अशी हकीकत आहे. तिच्यात खरे किती हे सोडले तरी पेशव्यांना वेढा लांबवायचा नव्हता, एवढे दिसते. बत्तीस लाखांवर तह ठरला. म्हैसूरचा कारभारी नंजराज याने पाच लाख रोख आणि जवाहिरात दिले आणि उरलेल्या रकमेपोटी काही परगणे तारण लावले. पेशवे परत फिरल्यावर पावसाळ्याचा मोका साधून मराठी अंमलदारांना त्या परगण्यांतून हुसकावून लावण्यात आले. ही मसलत देणारा होता एक वर येत असलेला फौजदार, मराठी कागदांतला ‘हैदर नाईक’.

त्याच हैदरला १७७१ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी मेलकोट्याजवळ गाठले. माधवराव पेशवे आजारपणामुळे पुण्याला परतले होते आणि मोहिमेची सूत्रे त्र्यंबकराव पेठे यांच्याकडे होती. मोती तलावाची लढाई म्हणून मराठी इतिहासात हा प्रसंग येतो. हैदरची फौज पार उधळली आणि तो स्वतः कसाबसा श्रीरंगपट्टणला पोहोचला. त्र्यंबकरावांनी मागोमाग किल्ला वेढला, पण तट फोडण्याजोग्या भारी तोफा आणि त्या चालवण्याचे कसब त्यांच्यापाशी नव्हते. मैदान जिंकले आणि किल्ला राहिला. पानिपतानंतर दहा वर्षांत मराठ्यांनी दक्षिणेत मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय या एका उणिवेमुळे अर्धवट राहिला, असे म्हणण्यात चूक नाही.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात पेशवे, निजाम आणि कंपनी हैदरचा मुलगा टिपू सुलतान याच्याविरुद्ध एकत्र आले. परशुरामभाऊ पटवर्धनांचे सहा-सात महिने धारवाडच्या वेढ्यात गेले. हरिपंत फडके दुसरी फौज घेऊन येत होते. कॉर्नवॉलिसने वाट न पाहता बंगळूरहून कूच केले. १५ मे १७९१ रोजी अरकेऱ्याच्या लढाईत त्याने टिपूला मागे रेटले, पण तोवर पाऊस आला होता. नदी उतरता येईना. टिपूच्या घोडदळाने आसपासचा चारा-दाणा जाळून टाकलेला. बैल पटापटा मरत होते आणि छावणीत देवीची साथ होती. कन्नंबाडीपर्यंत तोफा शिपायांना ओढाव्या लागल्या आणि तेथे त्या जड तोफा फोडून टाकून माघार घेण्याची पाळी आली.

परतीच्या वाटेवर, मेलकोट्याच्या बाजूला, समोरून घोडेस्वार येताना दिसले. इंग्रज शत्रू समजून सज्ज झाले. ते हरिपंत आणि परशुरामभाऊंचे मराठे निघाले. निरोप घेऊन निघालेले जासूद टिपूच्या लोकांनी वाटेतच अडवल्यामुळे दोन दोस्त फौजांना एकमेकींचा पत्ता नव्हता. मराठ्यांच्या छावणीतला बाजार पाहून उपाशी इंग्रज अधिकारी थक्क झाले. तेथे धान्य तर होतेच, शिवाय काश्मिरी शाली, इंग्लंडचे लोकरी कापड, बर्मिंगहॅमचे चाकू, जडजवाहीर आणि सराफांच्या पेढ्या, सगळे विकायला मांडलेले. अर्थात भावही तसेच चढे होते. मराठ्यांचे लष्कर म्हणजे चालते शहर, ही टीका नेहमी ऐकू येते. त्या मे महिन्यात त्याच चालत्या शहराने कंपनीची फौज जगवली.

याच मोहिमेतली दुसरी बाजूही सांगायला हवी. १७९१ मध्येच पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने शंकराचार्यांना पत्रे पाठवून मठाच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि सामग्री दिली. ती कन्नड पत्रे मठाच्या दप्तरात सापडली आणि प्रसिद्धही झाली आहेत. श्रीरंगपट्टणात टिपूच्या वाड्याजवळच रंगनाथाचे मंदिर कायम पूजेत होते. कोडगू आणि मलबारमधल्या त्याच्या मोहिमांची आठवण वेगळी आणि कडवट आहे. किल्ल्यात फिरताना या दोन्ही गोष्टी एकमेकींना पुसत नाहीत.

पुढच्या वर्षी कॉर्नवॉलिस योग्य ऋतूत आला. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री बेटाबाहेरच्या बुरुजांवर हल्ला झाला आणि टिपू किल्ल्यात कोंडला गेला. मार्चमधल्या तहात त्याने अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले आणि दोन मुलगे ओलीस दिले. मराठ्यांच्या वाट्याला कृष्णा-तुंगभद्रेच्या बाजूचा मुलूख आला. टिपूने यातून घेतलेला धडा आजही तटात दिसतो. बाहेरच्या तटामागे आणखी एक तट आणि मधे खंदक, ही आतली बांधणी १७९२ नंतरची आहे. पण दुहेरी तटाचा उपयोग मधल्या खंदकापाशी माणसे उभी असतील तरच होतो. १७९९ मध्ये ती वेळेवर तेथे नव्हती.

चौथ्या युद्धात पेशवे वेढ्यात उतरले नाहीत. हॅरिसने अरकेऱ्याची वाट टाळली. मळवळ्ळीची लढाई जिंकून तो सोसल्याकडे वळला. तेथे उतार होता आणि जाळपोळीतून वाचलेला चाराही मिळाला. कावेरी ओलांडून दक्षिण काठाने तो एप्रिलच्या सुरुवातीला किल्ल्याच्या पश्चिमेला पोहोचला. पाऊस यायला महिना-दीड महिना उरला होता आणि फौजेचे धान्यही तेवढेच होते. वायव्य कोपऱ्याजवळ तटाला खिंडार पडले. ४ मे रोजी भर दुपारी एकच्या सुमारास, पहाऱ्यावरचे लोक जेवायला आणि सावलीला गेले असतील असे धरून, हल्ला झाला. नदीचे पात्र काही मिनिटांत पार झाले. हल्ल्याचा पुढारी डेव्हिड बेअर्ड याने याच किल्ल्यात सुमारे साडेतीन वर्षे कैद भोगलेली होती. संध्याकाळी शोधाशोध झाली तेव्हा टिपूचा देह उत्तरेकडच्या दरवाजापाशी प्रेतांच्या ढिगात सापडला. आज त्या जागी एक शिला आहे. महिन्याभरात पाऊस सुरू झाला असता. तोवर किल्ला टिकला असता तर हॅरिसचीही गत कॉर्नवॉलिससारखीच झाली असती.

लुटीने किल्ला रिकामा केला. वाघाच्या रूपातले सिंहासन फोडून वाटले गेले. इंग्रज शिपायाला फाडणारा लाकडी वाद्यवाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोहोचला. म्हैसूरचे लोखंडी नळ्यांचे अग्निबाण वुलिचला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून इंग्रजी रॉकेट तयार केले. बंदोबस्ताला आर्थर वेलस्ली राहिला, पुढचा वेलिंग्टन. तो टिपूच्या दरिया दौलत या हवेलीत राहत असे. टिपूने सांभाळलेली अमृतमहालची बैलांची खिल्लारे त्याच्या हाती आली. चार वर्षांनी, १८०३ मध्ये, त्याने अहमदनगरचा भुईकोट घेतला आणि असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, तेव्हा तोफा ओढायला म्हैसूरचे बैल होते. श्रीरंगपट्टण पडल्याचा धक्का मराठ्यांना असा पोहोचला.

त्यानंतर किल्ल्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. राजधानी म्हैसूरला परत गेली. बेटावर कंपनीचा तळ होता, पण हिवतापाने शिपाई मरू लागले. १८०९ मध्ये तर येथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच मद्रास सरकारविरुद्ध बंड केले. त्याच सुमारास लष्कर बंगळूरला हलले. टिपूचा लाल महाल पाडण्यात आला आणि त्याच्या लाकडी तुळया निलगिरीत नेऊन उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चच्या बांधकामाला वापरल्या. त्या अजून तेथे आहेत. १८८१ मध्ये वडियारांना राज्य परत मिळाले तेव्हा हे बेटही म्हैसूरकडे आले. लगोलग बंगळूर-म्हैसूर रेल्वे आली आणि किल्ल्याच्या आरपार गेली.

आज किल्ल्यात गाव आहे. तटाच्या आत घरे, दुकाने, शाळा, रेल्वे स्थानक, मंदिरे, आणि टिपूने बांधलेली दोन मिनारांची मशीद-ए-आला. महाराष्ट्रातले बहुतेक गड ओस पडले म्हणून ढासळले. येथे उलट, लोकांचा राबता आहे म्हणून बराचसा भाग उभा आहे आणि त्याच राबत्याने थोडाथोडा झिजतोही आहे. मशिदीपासून चालत निघाले की बेलीचे तळघर लागते. पोल्लिलूरच्या लढाईत १७८० मध्ये पकडलेल्या कर्नल बेलीचे नाव त्याला मिळाले. त्याच्या छताला पडलेले भगदाड आणि खाली अजून पडून असलेली तोफ दाखवतात. इनमानचे तळघर १८९५ मध्ये त्याच नावाच्या अभियंत्याला सापडले. त्याची नीट विटांची कमानदार बांधणी वर उभे राहून कळत नाही, वाकून आत जावे लागते. पूर्णय्यांनी १८०४ मध्ये बांधवून घेतलेला दगडी खांबांचा वेलस्ली पूल नदीवर आहे. टिपूचा आणि वडियारांचा, दोघांचाही दिवाण राहिलेल्या या माणसाने पुलाला नाव मात्र गव्हर्नर जनरलचे दिले.

जुन्या वास्तूचा आणि चालू गरजेचा झगडा सर्वांत स्पष्ट दिसला तो रेल्वेत. दुहेरी मार्ग टाकताना टिपूकालीन दारूगोळ्याचे एक कोठार आड आले. पाडण्याऐवजी ती सुमारे हजार टनांची इमारत २०१७ मध्ये पायासकट उचलून, रुळांवरून सरकवत शंभरावर मीटर दूर नेण्यात आली. इतर ठिकाणी एवढा खर्च आणि धीर क्वचितच दाखवला जातो. रहिवाशांचा रोजचा झगडा मात्र कायद्याशी आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. गावच किल्ल्यात असल्यावर मोरी दुरुस्त करायलाही कागद हलवावे लागतात. पुरातत्त्व खात्याचा नियम योग्य आहे, पण तो ओसाड स्मारके डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, नांदत्या गावासाठी नाही.

किल्ल्याबाहेर, बेटाच्या पूर्वेकडे, दरिया दौलत ही टिपूची १७८४ ची उन्हाळी हवेली आहे. सागवानी, रंगवलेली, आता संग्रहालय. पश्चिम भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे मोठे चित्र आहे. त्यात हैदर-टिपू आहेत आणि पालखीत नखे चावणारा बेली. मधे पुसट झालेले हे चित्र लॉर्ड डलहौसीच्या हुकमाने पुन्हा रंगवण्यात आले. इंग्रजांच्या पराभवाचे चित्र इंग्रज गव्हर्नर जनरलने जपावे, हा तेथला सर्वांत गमतीचा भाग. त्यापुढे गुंबज, जेथे हैदर, त्याची बेगम आणि टिपू शेजारी शेजारी आहेत.

वाड्यांचे नवे उपयोग पाहायचे तर म्हैसूरकडे वळावे. टिपूने म्हैसूरचा जुना कोट पाडला होता, तो १७९९ नंतर पुन्हा बांधला गेला. आतला लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला. हेन्री आयर्विनने आखलेला नवा १९१२ मध्ये पुरा झाला. आज तो राज्य सरकारकडे आहे आणि दसऱ्यात सुमारे लाखभर दिव्यांनी उजळतो. इतर वाड्यांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. व्हाइसरॉयसाठी बांधलेला ललितमहाल १९७० च्या दशकात हॉटेल झाला. चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था चालते. जयलक्ष्मी विलास विद्यापीठाकडे असून तेथे लोकजीवनाचे संग्रहालय आहे. जगनमोहन वाडा चित्रसंग्रहालय झाला. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांइतकीच गर्दी सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांच्या निरांजन घेतलेल्या स्त्रीपुढे असते. हाताच्या बोटांतून झिरपणारा दिव्याचा उजेड जलरंगात उतरवलेला पाहण्यासाठीच अनेक जण येतात, आणि पुष्कळांना ते रविवर्म्याचेच चित्र वाटते.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बन्नूरजवळचे सोमनाथपूर बेलूर-हळेबीडसह २०२३ मध्येच तेथे पोहोचले होते. श्रीरंगपट्टणची स्मारके २०१४ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहेत. नव्या द्रुतगती मार्गाने गाव बाहेरून टाळल्यामुळे अनेक गाड्या आता न थांबता पुढे जातात.

बन्नूरहून सकाळी सोमनाथपूर पाहून निघाले तर दुपारच्या आत श्रीरंगपट्टणला पोहोचता येते. आधी बेटाबाहेरच्या करिघट्टाच्या टेकडीवर चढावे, तेथून कावेरीचे दोन फाटे एका नजरेत दिसतात. मग वायव्य कोपऱ्यावर जाऊन ४ मे चे खिंडार आणि खालचे पात्र पाहावे. जमल्यास हा प्रवास एप्रिल-मेमध्ये करावा. ऊन कडक असते, पण पाणी किती उतरते ते तेव्हाच कळते.